दोन सुकत्यांमधला दिवस

मालवणच्या एसटी स्टँडवर उतरलेला माणूस पहिल्या चहाबरोबर विचारतो, "इथला सगळ्यात चांगला बीच कुठला?" चहावाला तारकर्ली सांगतो, शेजारचा रिक्षावाला देवबाग सांगतो, कुणीतरी आवाज उतरवून तोंडवळीचं नाव घेतं. मग एका दिवसात चार किनारे उरकायचं ठरतं, आणि रात्री फोनमधले फोटो चाळताना कुठला कुठला ते ओळखू येत नाही. मला याचं वाईट वाटतं. मालवणच्या आसपासचा प्रत्येक किनारा खरोखरच सगळ्यात चांगला आहे, पण दिवसातले दोन-तीन तास, आणि प्रत्येकाचे तास वेगळे. दांडीला भर भरतीत जाणं म्हणजे घरचा माणूस बाहेर गेलेला असताना त्याच्या दारात पाहुणा म्हणून उभं राहणं.

हे मनन त्या तासांचं आहे. सावकाश वाचा. थांबावंसं वाटेल तिथे पान खाली ठेवा. तुम्ही मालवणात नसाल, पुण्यात किंवा नागपुरात खिडकीशी बसला असाल, तरी चालेल. डोळ्यांसमोर रेती आणायला वेळ लागत नाही, तिथे टिकून राहायला लागतो.

आधी वेळ ठरवू. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेलं. हा हिशेब मुंबईच्या पाण्याला चांगला लागू पडतो. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, म्हणून मालवणात ती साधारण तासभर आधी येते. आपण माघ वद्य द्वितीया घेऊ. पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले. उधाणाचा खरा जोर याच दोन दिवसांत असतो, आणि पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. दोनाची पाऊणपट दीड, मालवणात साडेबारा. म्हणजे पहाटेची सुकती, पूर्ण ओहोटी, साडेसहाच्या आसपास आणि संध्याकाळची त्याच सुमारास. या दोन सुकत्यांमधला सगळा दिवस तुमचा आहे.

चप्पल काढा. दांडीच्या पुळणीवर उभे राहा.

अजून उजाडलेलं नाही. पाठीवर गार वारा लागतोय तो जमिनीकडून येणारा मतलई. रात्रभर जमीन निवत गेली, समुद्र मात्र आपली ऊब धरून राहिला, म्हणून हवा जमिनीवरून पाण्याकडे वाहते आहे. या वाऱ्याला मागच्या घरांमधल्या चुलींचा धूर आहे, सुकत घातलेल्या मासळीचा वास आहे, नारळीच्या ओल्या सोडणांचा वास आहे. श्वास घ्या. सोडा. समोरून वास येत नाही, फक्त आवाज येतो. नीट ऐकलंत तर तो आवाज दूरचा आहे, कारण पाणी दूर गेलेलं आहे.

हळूहळू समोर काळी रेघ दिसू लागते. तो सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम 25 नोव्हेंबर 1664 ला सुरू झालं. त्या वेळी पूजा झाली तो मोरयाचा धोंडा याच किनाऱ्यावर आहे, त्यावर गणपती आणि सूर्य-चंद्र कोरलेले. किल्ल्याच्या अलीकडे, तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर, लहानसा पद्मगड आहे. भरतीत ते बेट असतं. आत्ता, या तासाला, तिथपर्यंत रेतीची वाट उघडी पडलेली आहे.

चालायला लागा, पण पद्मगडावर पोचायची घाई करू नका. वाटेच्या मध्यावर थांबा. डावीकडे बघा, उजवीकडे बघा. समुद्रातून आलेली लाट बेटावर अडते, दोन्ही बाजूंनी वळसा घेते, आणि बेटाच्या पाठीमागे, बरोबर तुम्ही उभे आहात तिथे, तिचे दोन हात एकमेकांना भेटतात. भेटल्यावर दोघांचाही जोर संपतो आणि अंगावर वाहून आणलेली रेती खाली बसते. ही वाट अशी घातली गेलेली आहे, आणि रोज घातली जाते. पायाशी नजर ठेवलीत तर दोन दिशांनी आलेल्या पातळ लाटा एकमेकींवरून तिरक्या सरकताना दिसतील. त्यांच्या रेघांची जाळी रेतीवर क्षणभर राहते, मग दुसरी उमटते.

तुमच्या तळव्यांखालची जमीन सहा तासांपूर्वी समुद्राचा तळ होती. आणखी सहा तासांनी पुन्हा होईल. हे वाक्य मनात म्हणा आणि त्याचा अर्थ लावायला जाऊ नका. तळव्यांना काय लागतंय तेवढं बघा. रेती किती घट्ट आहे, टाच टेकली की भोवतीचं पाणी कसं मागे सरतं आणि एक कोरडं, फिकट वर्तुळ उमटून जातं.

पाणी वळलं की तासाभरात परत फिरायचं, हे मात्र लक्षात असू द्या. इथे वाट दाखवायला कुणी येत नाही.

परत दांडीवर आलात की ओल्या रेतीवर मांडी घालून बसा. कपडे ओले होतील. समोर एक वीतभर जागा निवडा आणि तिच्यावरच नजर ठेवा. आधी तिथे काहीच नसतं. तुम्ही हलायचे थांबता, तुमची सावली हलायची थांबते, मग बऱ्याच वेळाने एक बारीक छिद्र जागं होतं. त्यातून वाटाण्याएवढा खेकडा बाहेर येतो. रंग रेतीचाच, त्यामुळे तो चालतो तेव्हाच दिसतो, थांबला की नाहीसा होतो. दोन्ही नांग्यांनी तो रेतीचा वरचा पापुद्रा खरवडून तोंडाशी नेतो. त्या कणांना चिकटलेलं सूक्ष्म शेवाळ आणि कुजकं-मुजकं त्याचं अन्न. तोंडातल्या पाण्यात ते वेगळं होतं आणि धुतली गेलेली रेती तोंडाच्या वरच्या बाजूला गोळा होत जाते. गोळी पुरेशी मोठी झाली की तो ती पायांखालून मागे टाकतो. पुढचं पाऊल, पुढचा घास, पुढची गोळी. बिळापासून सरळ रेषेत तो बाहेर जातो, थोडं अंतर खाऊन झालं की परत बिळाशी येतो, आणि शेजारची रेषा धरतो. घटकाभरात छिद्राभोवती गोळ्यांच्या रांगा सगळीकडे फाकलेल्या दिसतात. मान वर केलीत तर लक्षात येईल, अख्ख्या पुळणीवर हेच चाललेलं आहे. मघाशी पद्मगडाकडे जाताना आपण या सगळ्यावरून चालत गेलो.

त्याच्याबरोबर थोडा वेळ बसा. त्याच्या एका घासाला तुमचा एक श्वास द्या.

पाणी वर येऊ लागेल तसा तो बिळात उतरेल, तोंड रेतीने बुजवेल, आत थोडी हवा धरून ठेवेल. वरच्या सगळ्या गोळ्या पहिल्याच लाटेत विरघळतील. संध्याकाळच्या सुकतीला तो पुन्हा पहिल्या रेषेपासून सुरू करेल आणि उद्या सकाळी आजच्यापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. चंद्र रोज तेवढा उशिरा येतो, त्याच्या मागोमाग भरती-ओहोटी, आणि तिच्या मागोमाग हा वाटाण्याएवढा जीव.

आता चिवल्याला जाऊ. हा किनारा अर्धचंद्रासारखा आत वळलेला आहे, बाहेर खडक आहेत, लाट तिथेच बरीचशी मोडते, म्हणून आत पाणी शांत असतं. दर वर्षी इथे समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा होतात त्या या शांतपणामुळेच. पण सकाळी इथे यायचं ते रापणीसाठी.

होडीतून जाळं अर्धगोल सोडलेलं असतं. त्याच्या दोरीचं एक टोक इकडे, दुसरं पार तिकडे, आणि दोन्ही टोकांना माणसांच्या ओळी. तोंड समुद्राकडे, पावलं मागे. शेवटचा माणूस माडांपर्यंत पोचला की दोरी सोडतो, पुढे पाण्याशी जातो आणि तिथून पुन्हा धरतो. दोन्ही ओळी ओढता ओढता एकमेकींकडे सरकत राहतात. कुणी हुकूम देताना दिसत नाही, तरी दोन्हीकडचा ओढा सारखा असतो, कारण एक बाजू पुढे गेली तर जाळं तिरकं होईल आणि मासा निघून जाईल. हे गाबित मच्छीमारांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. बाजूला उभे राहून बघा. मग एखाद्या वयस्कर माणसाला विचारा, "काका, हात लावू?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "धर मगे."

दोरी हातात घ्या. ती ओली, जाड, रेतीने खरखरीत झालेली असते. ओढताना पहिल्या मिनिटाला तुम्ही जोर लावता. थोड्या वेळाने तळव्यांना कळतं की जोर लावायचा नाही, पुढच्या माणसाबरोबर मागे जायचं. दोरी पाण्याकडे ओढ घेते, मग सैल पडते, पुन्हा ओढ घेते. समोरची लाट आणि हातातली दोरी एकच चाल धरून असतात. डोळे मिटून दहा पावलं मागे जा. इथे ध्यानासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

जाळ्याचा खोळ किनाऱ्याला लागला की घारी खाली येतात, बगळे जवळ सरकतात, बायका टोपल्या घेऊन पुढे होतात. कधी आत तारली, पेडवे, बांगडे उसळत असतात. कधी जेलीफिश आणि प्लास्टिक, आणि त्यात मूठभर मासे. वाटे तेवढ्याचेच पडतात. पर्ससीन जाळी आणि रात्रीचे झगझगीत दिवे लावून मासा उपसणाऱ्या नौकांशी इथल्या पारंपरिक मच्छीमारांचा झगडा वर्षानुवर्षांचा आहे. 2016 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला, तरी झगडा मिटलेला नाही. किनारा सुंदर आहे असं आपण म्हणतो त्यात ही माणसं धरलेली असतात का? मी धरतो, आणि तुम्हीही धरावीत असं मला मनापासून वाटतं. रापण थांबलेला चिवला फक्त पोहण्याचा तलाव होईल. आज जाळ्यात काय आलं ते बघा, वाटे पडेपर्यंत थांबा, आणि मासे तिथेच, त्यांच्याकडूनच विकत घ्या.

दुपार.

साडेबाराला पाणी पूर्ण चढलेलं आहे. पद्मगड पुन्हा बेट झालेला आहे. उन्हात फिरू नका. बांगड्याचं तिखलं आणि भात जेवा, वर सोलकढी प्या आणि किनाऱ्याजवळ सुरूच्या सावलीत आडवे व्हा. वारा फिरलेला आहे. जमीन तापली, आता समुद्राकडून खारा वारा येतो आणि सुरूच्या बारीक पानांमधून सूं सूं करत जातो.

डोळे मिटा आणि लाटा मोजा. एक लाट फुटल्यापासून दुसरी फुटेपर्यंत मनात सावकाश आकडे म्हणा. सहा, सात, आठवर पुढची लाट आली तर ती बहुधा वायव्येकडची आहे. हिवाळ्यात अरबस्तानाकडे शमाल नावाचे वारे सुटतात, त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागतात. मध्येच एखादी लाट उशिरा येते, बारा, तेरा, चौदा, आणि तिचा आवाजही वेगळा, खालच्या पट्टीतला असतो. ती फार लांबची. विषुववृत्ताच्या पलीकडे, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाच्या वादळांत ती उठलेली असते आणि मालवणला पोचायला तिला सहा-सात दिवस लागलेले असतात. तिकडचं पाणी इकडे आलेलं नाही. पाणी जागच्या जागी वर-खाली फिरलं, पुढच्या पाण्याला हेलकावा दिला आणि राहिलं. हजारो किलोमीटर पार करून आला तो हेलकावा, आणि तो इथे रेतीवर संपला.

पुढची उशिराची लाट येईपर्यंत थांबा. ती तुमच्या मागच्या आठवड्यात निघालेली आहे. तुम्ही गेल्या आठवड्यात या वेळी कुठे होतात, काय काळजी करत होतात, ते आठवा. लाट फुटू द्या.

या वेळेला किल्ल्याभोवती स्नॉर्केलिंगच्या होड्यांची गर्दी असते. हा सगळा परिसर 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. खाली प्रवाळ आहे. उतरलात तर एवढंच करा, पाय टेकायला खडक शोधू नका. तो खडक जिवंत असतो.

उन्हं उतरली की देवबाग. तारकर्लीची पांढरी, सरळ पुळण लागते. लोक तिथे थांबतात, तुम्ही पुढे चला. तारकर्लीवर माझा राग नाही, पण देवबागला जे कळतं ते तिथे कळत नाही. रस्ता जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवरून जातो. उजव्या हाताला माडांमधून समुद्र, डाव्या हाताला माडांमधूनच कर्लीची खाडी. घराच्या पुढच्या दाराने अरबी समुद्र आणि मागच्या दाराने नदी, असं हे गाव आहे. ही सगळी पट्टी नदीने आणि समुद्राने मिळून रचलेल्या रेतीची. सह्याद्रीतून निघालेली कर्ली समुद्राला मिळायला येते, समुद्र तिला सरळ जाऊ देत नाही, आणि दोघांच्या ओढाताणीत मधली रेती लांबत जाते.

संगमाच्या टोकाला बसा. समोर भोगवेचा डोंगर. साडेसहाची सुकती जवळ आलेली आहे, मधल्या रेतीच्या दांड्या उघड्या पडत आहेत. मूठभर रेती घ्या आणि तळहातावर पसरा. काचेसारखे पारदर्शक कण म्हणजे स्फटिक, गारगोटीचा चुरा. गुलाबी, पांढरे तुकडे शिंपल्यांचे. आणि बारीक काळे, जड कण असतील ते इल्मेनाइटसारख्या खनिजांचे. लाट हलके कण ओढून नेते आणि हे मागे ठेवते, म्हणून पुळणीवर कधीकधी काळ्या रेघा दिसतात. डोंगर आणि समुद्र तुमच्या तळहातावर शेजारी शेजारी आहेत. थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहा. मग हात उलटा करा.

येताना दगडांचा बंधारा दिसला असेल. पावसाळ्यात मोठ्या लाटा पुळणीची रेती ओढून आत नेतात आणि पाऊस सरल्यावर लहान लाटा ती हळूहळू परत आणतात. हे दर वर्षीचं जाणं-येणं. पण नदीतून येणारी रेती कमी झाली, खाडीत वाळूचा उपसा होत राहिला, तर परत येणारी रेती गेलेल्या रेतीपेक्षा कमी पडते. मग समुद्र माडांच्या मुळांशी येतो, त्यानंतर अंगणाशी. धूपप्रतिबंधक बंधारा म्हणजे देवबागच्या माणसाला एका पावसाळ्याची झोप. त्याच बंधाऱ्यावर आपटून परतणारी लाट समोरची उरलीसुरली रेती खरवडून नेते, हेही खरं. दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाने भिंतीमुळे किनाऱ्याचं सौंदर्य गेलं म्हणून हळहळणं सोपं आहे. तुम्ही या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून बघा. अंगणात पाणी शिरलेलं घर, आणि भिंतीपुढे अरुंद होत चाललेली पुळण. उत्तर शोधू नका, निदान आज नको. सूर्य पाण्यात उतरेपर्यंत दोन्ही तशीच धरून ठेवा. अवघड जातं. जाऊ दे.

रात्री जेवून तोंडवळीला जा. कोळंबचा पूल ओलांडून उत्तरेला. इथेही तळाशीलपर्यंत रेतीची तशीच लांब पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. दुकानं नाहीत, होड्यांची रांग नाही. द्वितीयेचा चंद्र आठच्या सुमारास पूर्वेकडून, म्हणजे तुमच्या पाठीमागून, माडांवर येतो. पुळणीच्या वरच्या कडेला, मर्यादवेलीच्या पलीकडे बसा. पाण्याकडे जाऊ नका. टॉर्च लावू नका, फोन खिशात ठेवा.

हा महिना कासवांचा आहे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री या पुळणीवर येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वरून रेती लोटते आणि परत जाते. ती दिसेल म्हणून इथे बसायचं नाही. ती आली आणि तुमचा उजेड दिसला तर अंडी न घालताच ती फिरेल. बसायचं ते एवढ्यासाठी, की जिथे आपण काहीच करायचं नाही अशी जागा फार कमी वेळा मिळते. हात मांडीवर ठेवा. भरती पुन्हा चढते आहे, दर लाटेचा फेस आधीच्या ओल्या रेषेच्या किंचित वर येतो. त्या रेषेवर लक्ष ठेवा. ती कधी मागेही सरेल, तरी बघत राहा.

मादी येऊन गेली असेल तर सकाळी गावातल्या राखणदारांना तिचा माग सापडतो, अंडी सुरक्षित जागी हलवून भोवती जाळी लावली जाते. त्यानंतर सुमारे पन्नास दिवस रेतीच काम करते. थंड रेतीत नर जास्त, उष्ण रेतीत माद्या जास्त. पिल्लं नर की माद्या ते अंड्यात नसतं, रेतीच्या उबेत ठरतं. माघातलं घरटं चैत्रात उघडतं. तेव्हा परत या. गावात आधी फोन करून विचारा, घरटं कधी फुटेल याचा अंदाज त्यांना असतो. पिल्लं सोडताना त्यांना उचलून पाण्यात ठेवायला कुणी सांगितलं तरी ठेवू नका. आपल्या पायांनी त्यांना ती पंधरा-वीस पावलांची रेती चालू द्या. ती उजेडाच्या दिशेने जातात, आणि त्या वेळी सगळ्यात उजळ समुद्राकडचं आभाळच असायला हवं. म्हणून फ्लॅश नको, आणि त्यांच्या व पाण्याच्या मध्ये उभं राहू नका.